एकटीचा तंबू

आई, मागच्या शनिवारी महाबळेश्वरजवळ एका तंबूत मी एकटी राहून आले. शेतातल्या खोपीसारखा तंबू नव्हे. आत झुंबर, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, आणि खरी पाखरं समोर ओरडत असताना झाडाला टांगलेल्या स्पीकरमधून वेगळी पाखरं. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. 'फक्त स्वतःसाठी आलेल्या तिच्यासाठी' अशी जाहिरात होती. शेजारच्या तंबूतली बाईही एकटीच आलेली. मला म्हणाली, "इथे मी मला सापडले." मी मान डोलावली. ही हरवली होती कुठे, असं मनात आलं. मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, सर कधी पोचतायत?" मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. "सर नाहीत. मी एकटी आहे." वाक्य छान जमलं, असंही मला वाटलं.

कुंडलहून वाईला मावशीकडे निघताना तुझ्या पिशवीत आण्णांची टोपी असायची. एसटीत शेजारच्या जागेवर ती ठेवायचीस. कुणी आलं की म्हणायचीस, "हितं मालक बसल्यात. चा प्याय उतरल्यात." आण्णा तेव्हा उसाला पाणी पाजत असायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तुझ्यासोबत तिघांच्या बाकावर. एक माणूस जागा मागत उभा आहे, आणि मी भरल्या गाडीत मोठ्यानं बोलते, "आई, आण्णा घरी आहेत. खोटं कशाला बोलतेस?" गाडी हसली. तो म्हणाला, "व्हय मावशे, नुसत्या टोपीचं तिकीट काढलंस काय?" आणि बसला. तू मला खिडकीकडे सरकवलंस. कराडपर्यंत तो तुला चिकटून बसला होता. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले.

तो उतरल्यावर तू टोपी घडी करून पिशवीत टाकलीस. "लय शिकलीस. एकटी फिर, मग कळंल." त्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'माझी आई लाचार आहे.' शब्द हाच आहे, आज पुन्हा काढून पाहिला.

निघताना त्यांनी फॉर्म दिला. एकट्या स्त्रीला इथे समाधान वाटलं का, सुरक्षित वाटलं का. दोन्हीकडे मी पाचपैकी पाच तारे दिले, शेजारच्या बाईनंही दिले. तिला मी मनातल्या मनात किती हसले होते.

तंबूला कुलूप नसतं, आई, नुसती चेन असते. घरून निघताना मी यांच्या चपला बॅगेत घातल्या होत्या. अंधार पडायच्या आधी त्या दाराबाहेर मांडून ठेवल्या, एक जरा तिरकी, घाईत काढल्यासारखी. सकाळी मॅनेजर दोन कप चहा घेऊन आला. "सर आले वाटतं?"

"झोपलेत," मी म्हणाले.

दोन्ही कप मीच प्यायले.