मोमोचं फीड

४ नोव्हें., मंगळ.
फर्स्ट शिफ्ट. घरी आलो तर सुनंदा बाल्कनीत पिंजऱ्यापुढे बसलेली. चहाचा पत्ता नाही. "अहो, मोमो सकाळपासून खात नाही." म्हटलं, नसेल भूक. कोथिंबीर धरली की धावत येते, तोंडात घेते आणि सोडून देते. हनुवटी ओली.
पल्लवी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा हे ध्यान आमच्या गळ्यात बांधून गेली. पोरीची गिनी पिग, आणि आता लाड आम्ही करतोय. वय चार, म्हणजे त्यांच्यात म्हातारीच. पल्लवीला एवढ्यात कळवायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

५ नोव्हें., बुध., पौर्णिमा
पहाटे पाहिलं तर पोट टम्म. बॉयलरवर आयुष्य गेलं. बिघाड दिसला की आधी फीड बंद, कारण मग शोधायचं. तेच केलं. गवत, दाणे, सगळं काढून घेतलं आणि एमआयडीसीची रिक्षा पकडली.
दुपारी सुनंदा विहारातून आली, पांढऱ्या साडीत. पिंजऱ्यात गवताची काडीही नाही हे पाहून म्हणाली, "अष्टशील मी घेतलंय, दुपारनंतर उपाशी राहायचं ते मी. तिला का उपाशी ठेवलंत?" मी तिला फीड, प्रेशर, लोड सगळं समजावलं. ऐकून घेतलं तिने. पटलं नव्हतं.
संध्या. स्टेशनजवळच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे. भला माणूस. मोमोला हातात घेतलं, पुन्हा टोपलीत ठेवलं. "काका, खरं सांगतो, माझा हात कुत्र्यामांजरांवर बसलाय. यांना चुकीचं अँटिबायोटिक गेलं तर जीव जातो. मी नाही देणार." पैसेही घेतले नाहीत. मग जायचं कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

६ नोव्हें., गुरु.
लेंड्या अगदी बारीक, त्याही चार-दोन. अंग गार लागतंय.
शिफ्ट सुटल्यावर तसाच शेअर रिक्षाने कॅम्प तीनला. पल्लवीने मोमो जिथून घेतली ते दुकान. सिंधी शेठ जीन्सच्या गठ्ठ्यांच्या गल्लीत पक्षी-मासे घेऊन बसतो. "अरे काका, इधर-उधर मत घुमाओ. संडेला बदलापूरला एक डॉक्टर मॅडम येते. ससा, चूहा, चिड़िया, सब देखती है." नंबर लावून स्वतःच फोन माझ्या कानाला लावला.
मॅडमचा पहिला प्रश्न, "खाणं कधीपासून बंद?" मी म्हटलं, परवापासून. "तिने बंद केलं की तुम्ही?"
खरं तेच सांगितलं. आधी तिने, मग मी.
बाई ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, या जनावराचं आतडं थांबलं की ते परत चालू होणं कठीण, रविवारपर्यंत तिला उपाशी ठेवू नका, गवताची भुकटी कोमट पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने भरवा. भुकटी शेठकडे होती. घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती टॉवेलात मोमोला घेऊन बसली आणि भरवायला लागली. फार वाईट वाटलं.

७ नोव्हें., शुक्र.
आता घरातही शिफ्टा लागल्यात. मी सुटलो की सुनंदा चार्ज देते. "दोन सिरिंज गेल्या, एक थुंकली, लेंड्या सात." मी घेतो. मोमो माझ्या हाताने कमी खाते, हे नमूद करतो.
प्लँटमध्ये बाळूला सांगितलं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा आहे. म्हणाला, "आमच्याकडं ससा आजारी नाय पडत दादा, त्याच्याआधीच कालवण होतंय." सगळे हसले. मीही हसलो.

८ नोव्हें., शनि.
बाळूने पिशवीभर गवत आणलं. कोवळं, निवडून कापलेलं. "म्हातारीला द्या," म्हणाला. खाल्लं नाही तिने, पण त्यात तोंड खुपसून झोपलीय. लेंड्या वाढल्या.
रात्री पल्लवीला फोन केला. रडली. मग लपवलं म्हणून रागावली.

९ नोव्हें., रवि.
रिक्षा पालेगावातून थेट बदलापूर. भाजीच्या टोपलीत मोमो, वर सुनंदाची ओढणी, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला बोलणी. मॅडम म्हणजे पल्लवीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी मुलगी. दुसऱ्या कुणाच्या दवाखान्यात फक्त रविवारी बसते.
तोंडात उजेड टाकून दाखवलं. मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्यात. जीभ त्यांच्याखाली अडकलीय. भूक होती हो तिला. खाता येत नव्हतं.
"घासाव्या लागतील. गुंगी देऊन. या वयात उठेलच, असं सांगणार नाही."
"आणि नाही केलं तर?"
"तर सिरिंजवर किती दिवस?"
पल्लवीला विचारलं. "बाबा, तुम्ही तिथे आहात. तुम्हीच ठरवा." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. बाहेर बाकावर जाऊन बसलो. सुनंदाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळीही इतका घाबरलो नव्हतो. हे तिला सांगायचं नाही.
मोमो उठली. मान डुलत होती, पण उठली.
मॅडम: सिरिंज चालू ठेवा, दोन-तीन दिवसांत स्वतःहून चावलं पाहिजे.

१० नोव्हें., सोम.
रजा टाकली. कारण 'घरगुती' सांगितलं.
सकाळपासून भरवतोय. गिळते, पण स्वतःहून कशाला तोंड लावत नाही. दुपारी सिरिंज पुढे केली तर मान फिरवली. भूक नाही की सिरिंजचा कंटाळा, कळायला मार्ग नाही. मॅडमना मेसेज टाकलाय.
आता संध्या. काकडीची साल पिंजऱ्यात ठेवली. आपण समोर असलो की ती बुजते, म्हणून दोघं स्वयंपाकघरात येऊन बसलोय. पंखा बंद, टीव्ही बंद. हे लिहितोय तर सुनंदाने माझा हात धरला. "ऐकलंत? चावतेय."
मला काही ऐकू आलं नाही. पण माझे कान बॉयलरने कधीच खाल्लेत. तिला म्हटलं, हो, आलं ऐकू.