काकडलेल्या अंड्यांची हकिगत

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबरेला पट्टा आहे, तेव्हा वाकण्याचा भाग मनातल्या मनात उरकला.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की तो तक्ता भिंतीला लावून नुसती त्याच्याकडे बघत बसतेस? भावजींचा खोकला गेला असेल. मी बरी आहे. तुझी लेक माझ्याहून बरी आहे. तिच्या वजनाची तू चौकशी केलीस, पण मी तिला उचलून पाहिलेलं नाही. जेवते नीट आणि जेवताना बोलते. बोलते ते फक्त बेडकांबद्दल, हे तुला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. खारीला (लहानपणी सगळं उशीखाली दडवायची म्हणून तूच ठेवलेलं नाव, आता चौतिसाव्या वर्षीही तिला शोभतं) समजावून घरी आणायचं, या कामगिरीवर तू मला पाठवलंस. तुझ्या मैत्रिणीच्या कॉलेजातली शिकवायची कायमची जागा, महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवलेली. फॉर्म आणि तुझी चिठ्ठी एका बंद पाकिटात घालून तू माझ्या पर्समध्ये ठेवलीस आणि बजावलंस, योग्य वेळ बघून दे, घाई करू नकोस. मी घाई मुळीच केली नाही. योग्य वेळ शोधताना काय काय झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुला माझे कष्ट कळतील.

पहिल्या आठवड्यात मी दुपारी तिचा डबा घेऊन प्रयोगशाळेत जायला लागले. लांबलचक खोली, खिडकीशी चार सूक्ष्मदर्शक आणि पलीकडे दाराआड बेडकांच्या टाक्या. शाळेत बेडूक फाडायच्या तासाला मी भोवळ येऊन पडले होते आणि तू मला खांद्यावर टाकून बाहेर नेलं होतंस, आठवतं? तेव्हा दारातूनच डबा द्यायचा असं ठरवलं होतं. पण आत कुजक्या अंड्यांचा असा भपकारा होता की मला राहवलं नाही. गटार तुंबलं असणार आणि या विद्वान मंडळींना त्याची दाद नसणार, म्हणून मी खाली जाऊन इमारतीच्या प्लंबरला घेऊन आले. त्याने दोन तास मोऱ्या उचकटल्या. शेवटी खार मीटिंगहून आली आणि म्हणाली, "मावशी, तो अंड्यांवरची चिकट जेली काढायच्या औषधाचा वास आहे. रोजच येतो." प्लंबरने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला खारीचा डबा देऊन टाकला.

त्यानंतर धोका ओळखून तिने मला एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, हलू नकोस, यात बघ. ताई, मी पाहिलं. काचेच्या बशीत मोहरीएवढी अंडी, वरून गडद तपकिरी, खालून सायीच्या रंगाची. फलन होऊन दीड तास झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत एकावर बारीक रेघ उमटली, अंडं मधोमध दुमडल्यासारखं झालं आणि एकाचे दोन झाले. मग दर अर्ध्या तासाने दोनाचे चार, चाराचे आठ. सगळी अंडी एकाच ठेक्यावर, आपल्या शाळेतल्या मदर कवायतीला शिट्टी फुंकायच्या तशी. मी त्या दिवशी स्टुलावरून उठले नाही. (कंबरेचा पट्टा त्याच दिवसापासून आहे.)

खारीने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर दोष माझा. पिल्लाची अनुवंशाची पोथी प्रत्येक पेशीत अख्खीच्या अख्खी असते, पण पहिल्या काही तासांत ती कुणी उघडत नाही. तोवर सारा कारभार आईने अंड्यात आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो. कुठली बाजू वर, कुठली खाली, कुठे आधी काय करायचं, सगळं आईचं लिहिणं. बारा वेळा विभागून झालं की पेशी आपापली पोथी उघडतात आणि आईच्या चिठ्ठ्या हळूहळू विरघळून जातात. मग कुठलं पान वाचायचं हे शेजारी ठरवतात. एक पेशी दुसरीला निरोप धाडते की तू पाठ हो, तू मेंदू हो, तू कातडी झालीस तरी चालेल. अंड्याच्या एका बाजूला बारीक चंद्रकोर उमटते, तिला ही माणसं ओठ म्हणतात. त्या ओठाजवळचा तुकडा सगळ्यांत बोलका. तो उचलून दुसऱ्या अंड्याच्या पोटाशी चिकटवला तर तिथल्या शेजाऱ्यांनाही पटवतो, आणि पिल्लाला दुसरी पाठ आणि दुसरं डोकं फुटतं. (लग्न जमवणाऱ्या आपल्या आत्याबाई म्हण.) खारीचा प्रश्न असा, की या तुकड्यातलं एक जनुक गप्प केलं तरी शेजारी त्याचं ऐकतात का. पाच वर्षं ती या एका प्रश्नामागे आहे. आणि हे तुला ठाऊक नसेल, तिची इथली नेमणूकही त्याच महिनाअखेरीस संपत होती. तोवर हा एक प्रयोग पुरा करून दाखवला तरच सर पुढे ठेवून घेणार होते. या सरांचं खरं नाव कुणी घेत नाही. काहीही दाखवलं तरी ते "पुन्हा करा" एवढंच म्हणतात, म्हणून सगळे त्यांना माघारी पुन्हाकरे म्हणतात.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. गेल्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खारीने त्या निर्णायक प्रयोगाची अंडी सकाळी तयार केली, निम्म्यांत ते जनुक गप्प करायची सुई टोचली आणि बश्या एका कपाटात ठेवल्या. संध्याकाळी मी तिची वाट पाहत बसले होते. कपाटाचं दार नीट लागलं नव्हतं म्हणून लावायला गेले, तर आतून गारठा. आकडा पाहिला, पंधरा अंश. बश्या बर्फासारख्या. शेजारच्या कपाटावर तेवीस लिहिलेलं, आत कसं छान उबदार. ताई, तू असतीस तरी तेच केलं असतंस. सकाळी जन्मलेली पोरं काकडत होती आणि आई मीटिंगमध्ये. मी सगळ्या बश्या उबेत नेऊन ठेवल्या. (कपाटावर "हात लावू नये" अशी पाटी होती. मी रुमालाने धरल्या.) वर तिला काही बोलले नाही, उगाच तिला अपराधी वाटायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार भिंगातून बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, या बश्या कुणी हलवल्या?"

"मी. गारठली होती गं बिचारी."

"बेडूक आहेत ते. त्यांना थंडी वाजत नाही, फक्त उशीर होतो. तो उशीरच हवा होता मला."

ओठ बरोबर सकाळी उमटावा म्हणून तिने त्यांना गारठ्यात ठेवून सावकाश वाढवलं होतं. मी दिलेल्या उबेत ती रातोरात कितीतरी पुढे गेली. मीही भिंगातून पाहिलं. प्रत्येकाच्या पाठीवर दोन कडा उचलून आल्या होत्या आणि एकमेकींकडे दुमडून मधे नळी शिवली जात होती. असली सरळ शिवण आपल्याला शिवणाच्या सिस्टरनी चार वर्षं छड्या मारूनही जमली नाही. मी तसं म्हणाले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोर रडते आहे. टाक्यांतल्या कामाच्या सगळ्या बेडक्यांची अंडी घेऊन झाली होती, आणि एकदा घेतली की त्यांना तीन महिने विश्रांती द्यावी लागते. महिना संपायला नऊ दिवस होते. ती म्हणाली, "जाऊ दे. घरी जाते. आईचं मन तरी राहील."

ताई, याहून योग्य वेळ देवानेही काढून दिली नसती. तुझं पाकीट माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं. मी पर्स उघडली, आत हात घातला आणि रुमाल काढून तिला दिला.

मग मी टाक्यांच्या खोलीत गेले. (भोवळ आली नाही, नोंद घे.) तिथे पंचवीस वर्षं बेडकांची देखभाल करणारे टाकीवाले काका आहेत. कोपऱ्यातल्या टाकीत त्यांनी एकटीच ठेवलेली एक अवाढव्य बेडकी आहे, तिला ते प्राचार्या म्हणतात. दीड वर्ष तिला कुणी हात लावला नव्हता. काका म्हणाले, "म्हातारी आहे, ताई. देईल न देईल." मी म्हटलं, म्हाताऱ्यांना विचारून तरी बघा. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि खारीला हाक मारली. संध्याकाळी अंडी सुटायचं इंजेक्शन दिलं. सकाळी खारीने तिला तळहातावर धरून पाठीवरून बोट फिरवलं, आणि प्राचार्यांनी अंडी दिली. पुष्कळशी पांढरी पडलेली, कामाची ऐंशी. ती ऐंशी मी निवडली. डाळीतले खडे काढण्यात आयुष्य गेलं, ते फुकट गेलं नाही. शिवाय हे तुकडे कापायला ही माणसं सुरी वापरत नाहीत. भुवईचा केस काचेच्या नळीत मेणाने बसवतात आणि त्याने कापतात. खारीच्या भुवया पार्लरवालीने कोरून संपवल्या आहेत. माझ्या भुवयांना तू जन्मभर सुरवंट म्हणालीस, त्यांतले तीन केस विज्ञानाला दिले. पांढरे झाल्यापासून ते जास्त ताठ आहेत म्हणे.

बश्या या वेळी पंधरावरच राहिल्या. मी कपाटाकडे पाठ करून बसले. दुसऱ्या सकाळी खारीने तीस तुकडे बदलले, श्वास रोखून, एका बैठकीत. तिचा हात बघायला हवा होतास. आपली आई सुईत दोरा ओवताना जीभ किंचित बाहेर काढायची, तशी तिचीही बाहेर येते. दोन दिवसांनी मोजदाद झाली. साध्या तुकड्यांच्या चौदांपैकी अकरांना दुसरी पाठ आली. गप्प केलेल्या सोळांत एकालाही नाही. म्हणजे शेजाऱ्यांना साद घालणारं ते हेच जनुक. सर आले, एकेक बशी घेऊन पंचवीस मिनिटं भिंगात बघत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा करा." मी कपाळाला हात लावला. पण खारीचा चेहरा उजळला, कारण पुढे ते म्हणाले की नव्या बेडक्यांवर करा, घाई नको, वर्षभरात द्या. वर्षभरात याचा अर्थ नेमणूक वर्षभर वाढली. टाकीवाल्या काकांनी प्राचार्यांना दुप्पट खाणं घातलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडी रडून घेतली, इकडे डोळे पुसायला बरी जागा आहे.

तेव्हा सगळं क्षेमकुशल आहे. भावजींना नमस्कार. व्यायाम कर.

तुझी,
धाकटी

ता. क. — पाकिटाचं लिहायचं राहिलंच. कॉलेजची तारीख परवा गेली. मी पाकीट दिलं ते काल. तुझ्या शब्दाबाहेरचं काही मी आजवर केलं नाही, हे एक केलं, आणि खारीपुढे सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मावशी, मला विचारायचंस तरी." तिचं बरोबर आहे. मग तिने पाकीट फोडलं, फॉर्म मला परत दिला आणि तुझी चार ओळींची चिठ्ठी तेवढी स्वतःच्या वहीत ठेवली. तर आता तुझ्या मैत्रिणीला तूच कळव, की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. आणि लेकीला एक पत्र लिही, ज्यात कॉलेज नसेल. प्रयोगाचं विचार. ती सांगेल.

ता. क. दुसरा — माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं आहे. रागवायचं असेल तर फोन सकाळी नऊच्या आत कर. त्यानंतर मी अंडी निवडत असते, आणि हात ओले असतात.