वेगळा मीटर

श्रीरामपूर, १२ जानेवारी १९७२

आज माझ्या खोलीला वेगळा मीटर बसला. घरमालक दर दिव्यामागे मनाला येतील तेवढे पैसे घ्यायचे, बिल कधी दाखवायचे नाहीत. भांडलो मी. हक्काचंच मागितलं ना?

रोज संध्याकाळी दिवा लावला की मालकीणबाई खालून ओरडायच्या, "मास्तर, अजून उजेड हाय की! कशाला जाळताय?" फार राग यायचा.

आज शाळेतून आल्या आल्या मुद्दाम दिवा लावला. त्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. वर पाहिलं, पुन्हा सुपात बघायला लागल्या. आता त्यांचं काय जातंय म्हणा!

घरी आल्यावर माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस होतं.

अजून उजेड आहे. दिवा जळतोय. कुणी ओरडत नाही.