गळ्यातली बोराएवढी गाठ

९ जाने.
मान दुखते, हाताला मुंग्या येतात म्हणून एमआरआय. मणके झिजलेत. साठीला झिजणारच. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ फुकटात मिळाली: थायरॉइडमध्ये गाठ. दुखत नाही, खुपत नाही, गिळताना कळत नाही. माझ्याच गळ्यात राहते आणि मलाच पत्ता नाही!

१२ जाने.
सोनोग्राफी. बोराएवढी आहे. डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. "काकू, तुमच्या वयाच्या बायकांचे गळे तपासत बसलं तर कितीतरी जणींकडे सापडतील. बहुतेक साध्या असतात. हिच्या कडा मात्र मला आवडल्या नाहीत. सुई घालून बघू." कडा आवडल्या नाहीत, म्हणे.

येताना ह्यांनी स्कूटर फार हळू चालवली. मनमाडला रेल्वेत होते तेव्हा हे डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचे. बद्द वाजलं की चाकाला तडा, डबा बाजूला. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी भीमजयंतीचं गाणं म्हणायला लावलं. हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "खणखणीत आहे." बस्स. तेवढ्या एका शब्दावर संसार केला मी.

१६ जाने.
सुई टोचून झाली. आता वाट बघणे.

२१ जाने., रवि.
ह्यांच्या पोटात काही राहत नाही. कॉलनीभर झालं. मी विहारात गेले तर वंदना सांगायच्या माझ्या जागेवर शेजारची रेखा. "ताई, आज गळ्याला आराम द्या. आम्ही सांभाळतो ना." माया होती, कळत होतं, तरी कानशिलं तापली.

कॉलनी नवी होती तेव्हा विहार म्हणजे चार पत्रे. माइक कुठला? मी वंदना सुरू केली की शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. बायका ओले हात पदराला पुसत यायच्या. किती बरे दिवस होते ते.

रेखाने फार वरचा सूर धरला. सुरुवातीच्या त्रिसरणापर्यंतच सगळ्यांची दमछाक. मी ओठ मिटून बसले. असं कधी झालं नव्हतं.

२५ जाने.
रिपोर्ट आला. कॅन्सर आहे असं नाही, नाही असंही नाही. डॉ. म्हणाल्या, थोडं थांबून पुन्हा सुई, नाहीतर अर्धी थायरॉइड काढून तपासायची. "आवाजाची नस अगदी शेजारून जाते. सहसा धक्का लागत नाही."

"सहसा म्हणजे?"

"म्हणजे मी लिहून देऊ शकत नाही, काकू."

रिक्षात हे म्हणाले, "काढून टाकू. आवाज गेला तर जाऊ दे, कुसुम. तू राहा."

"आवाज गेल्यावर उरलेली मी मला नको."



भीती वाटते. लिहूनच टाकते. मरणाची वाटते, मुकं होण्याची त्याहून जास्त.

२९ जाने.
पुन्हा सुई की ऑपरेशन, उद्या डॉ.ना कळवायचंय.

संध्याकाळी मेथी निवडत होते. हे आले, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला.

"म्हण काहीतरी."

"काय?"

"काहीही. वंदना म्हण. नाहीतर मला ओरड, रोज ओरडतेस तशी." डोळे भरलेले.

इतका राग आला! मी अजून समोर आहे, आणि हे मला बरणीत भरायला निघालेत. "बंद करा ते आधी!"

तेवढंच रेकॉर्ड झालं. आता बाहेरच्या खोलीत तेच लावून बसलेत. बंद करा ते आधी. पुन्हा. बंद करा ते आधी.

इथून ऐकतेय. छान आहे माझा आवाज. डॉ.ना काय सांगू?