नाव अजून पटावर आहे

५ जानेवारी १९७९, शुक्रवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे. आखातातल्या कंपनीच्या कॅम्पात खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होतो, तेव्हा निर्णय झाला.

काल पगार वाटताना आमचे हेड क्लार्क, वसईचे लॉरेन्स साहेब, सांगत होते की त्यांची मुलगी जुडिथ इथल्या शाळेत अकरावीत असतानाच अमेरिकेतल्या कॉलेजचा कोर्स पोस्टाने करते आहे. शाळा संपायच्या आत कॉलेजचे क्रेडिट नावावर जमा. अट एकच, विद्यार्थी हायस्कूलमध्ये असला पाहिजे.

मी आहे. नववीच्या सहामाहीनंतर शाळेत गेलो नाही हे खरे. पण शाळा सोडल्याचा दाखला मी आजपर्यंत नेलेला नाही. दाखला नेला नाही म्हणजे शाळा सोडली नाही. आठ वर्षे गैरहजर आहे, एवढेच.

९ जानेवारी. असिस्टंट टाइमकीपरच्या, म्हणजे हजेरी मांडणाऱ्या क्लार्कच्या जागेविषयी लॉरेन्स साहेबांना पुन्हा विचारले. एप्रिलअखेर भरणार. मॅट्रिक पाहिजे, नाहीतर कॉलेजचा काहीतरी कागद. क्लार्कला शहरात, अल सद्दमध्ये, फॅमिली रूम मिळते. माझ्यासारख्या स्टोअरच्या हेल्परला कॅम्पातली खाट. केसरशी लग्न होऊन दोन वर्षे झाली, त्यातला जेमतेम दीड महिना एकत्र काढला.

मॅट्रिकला बीजगणित आहे. कॉलेजच्या कोर्सला नाही. म्हणजे कॉलेज सोपे. केसरला कळवले की तयारीत राहा, यंदा लोणचे जास्त घाल.

१२ जानेवारी, शुक्रवार. कोर्सच्या फीच्या ड्राफ्टसाठी पोपटरावांकडे पैसे मागितले. पोपटराव माझ्या खोलीतले, ट्रक चालवतात, जतकडचे. म्हणाले, नववी नापासाला कॉलेजात कोण घेतंय? मी सांगितले, नापास नाही, गैरहजर. म्हणाले, बरं, गैरहजर. पैसं फेडायच्या दिवशी तेवढा हजर राहा. दीडशे रियाल दिले.

फॉर्म भरला. ‘सध्या हायस्कूलमध्ये शिकत आहात काय?’ उत्तर: होय. अक्षर चांगले आले.

६ फेब्रुवारी. पुस्तक आले. विषय मानसशास्त्र. रोज पहाटे चारला उठायचे. दोन रंगांच्या शाईत वेळापत्रक केले. त्यात संध्याकाळ गेली, त्यामुळे वाचन उद्यापासून.

७ फेब्रुवारी. सव्वापाचला उठलो. पोपटराव खोकत होते. उद्यापासून.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. अल हिलालला लॉरेन्स साहेबांच्या फ्लॅटवर गेलो. जुडिथचा अभ्यास कुठवर आला ते पाहायला. तिला मराठी सगळे समजते, पण बोलते इंग्रजी. हाय अंकल म्हणाली. मी तेवीस वर्षांचा आहे, आणि सहाध्यायिनीने अंकल म्हणणे बरोबर नाही. तिला तसे सांगितले. ओके अंकल म्हणाली.

पहिला धडा अर्धाच वाचून तिने सोडून दिला आहे. सो बोरिंग, अंकल. पुस्तक फ्रीजच्या पायाखाली आहे. फ्रीज मुळीच हलत नाही. डॅडींना सांगू नका म्हणून गळ घातली. नाही सांगणार म्हणालो.

म्हणजे मी वर्गात पहिला.

१४ फेब्रुवारी. पहिल्या धड्याचा गृहपाठ: एका माणसाचे आठवडाभर निरीक्षण करा. पोपटरावांना निवडले. आज तिसरा दिवस. रात्री म्हणाले, सारखं काय बघतोस माझ्याकडं? महिनाभर पैसं मागत नाही, झोप. वहीत नोंद केली: संशयी स्वभाव.

२२ फेब्रुवारी. अकरा पाने झाली. स्वच्छ दिसावीत म्हणून तीनदा उतरवली. एका स्पेलिंगची शंका आली, म्हणून चौथ्यांदा. पोस्टात टाकली. तेव्हा आठवले, दुसरा धडा उघडायचा राहिला आहे.

२० मार्च. अमेरिकेहून उत्तर. पास. शेरा: अत्यंत नीटनेटके. अर्धे क्रेडिट मंजूर. मात्र सध्या शाळेत असल्याबद्दल हेडमास्तरांचे सर्टिफिकेट पाठवावे, नाहीतर रद्द.

पत्र लॉरेन्स साहेबांना दाखवले. त्यांनी उभे राहून वाचले. म्हणाले, शाबास रंगनाथ, ते सर्टिफिकेट आण, तुझं नाव मी वर पाठवतो. मग विचारले, आमच्या जुडिथचं काय चाललंय? मी म्हणालो, पुस्तक रोज वापरात आहे.

२१ मार्च. दादांना पत्र: गावच्या हायस्कुलात जा. ‘रंगनाथ या शाळेत शिकत आहे’ असे लिहून, सही-शिक्क्यासह आणा. ‘शिकत आहे’ या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. वडिलांचा स्वभाव भिडस्त आहे, म्हणून खाली लिहिले की मिळाल्याशिवाय उठू नका.

३ एप्रिल. पत्र नाही. सूकमधून, इथल्या बाजारातून, पडद्याचे कापड घेतले, निळे, फुलांचे. फॅमिली रूमची खिडकी पाहिलेली नाही, म्हणून थोडे जास्तच घेतले. केसरला कळवले. पोपटराव म्हणाले, तोवर माझ्या खाटेला लाव, उजेड येतो.

१४ एप्रिल. पत्र नाही. दुसरा धडा उघडला. लांब आहे.

१९ एप्रिल, गुरुवार. सकाळी १०.३०. दादांचे पत्र, जाड पाकिटात.

दादा लिहितात: हेडमास्तर नवे आहेत. त्यांनी जुने रजिस्टर काढून पाहिले. तुझे नाव केव्हाच कमी केले आहे, तसे लिहून देता येत नाही म्हणाले. तू लिहिले होतेस म्हणून मी उठलो नाही. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसलो. शेवटी त्यांना दया आली. म्हणाले, बाबा, एवढा वेळ बसलात, राहिलेली फी भरा, मी तुम्हाला पक्का कागद देतो. तू मागितला होतास त्याच्यापेक्षा मोठा दिला. गोल शिक्का आहे. केसरने त्याला हळदकुंकू लावले. गल्लीत पेढे वाटले. माणूस फार चांगला.

आत शाळा सोडल्याचा दाखला. वर्तणूक: चांगली. प्रगती: रिकामे. कारण: सतत गैरहजर. कोपऱ्याला कुंकू. स्पेलिंगची एकही चूक नाही.

म्हणजे आज सकाळी साडेदहा वाजता, कंपनीच्या पोस्ट बॉक्सपाशी उभा असताना, मी शाळा सोडली.

संध्याकाळ. लॉरेन्स साहेबांनी दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाले, खलास रे. परत दिला, घडीवर घडी घालून. जुडिथची किती क्रेडिट झाली असतील, विचारत होते. मी म्हणालो, आता मी तिच्या वर्गात नाही.

पोपटरावांना सांगितले. ते हसले नाहीत. हसतील असे वाटले होते. चहा केला.

खर्च: ड्राफ्ट १५५ रियाल. पोस्ट १८. कागद व शाई ९. पडद्याचे कापड २२. एकूण २०४ रियाल.

देणे: पोपटराव, १५० रियाल. दादा, फी १४ रुपये, पेढे ३० रुपये. केसर, खिडकीचे माप. दादांच्या पत्राखाली तिने विचारले आहे.