तातेराव-पेशी

३ नोव्हेंबर १९४०, रविवार
आजपासून डायरी. संशोधक म्हटला की डायरी आलीच.
मायक्रोस्कोप घरात आला. मोहनसिंग पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांच्याकडे पडून होता. त्यांनी मायक्रोस्कोप दिला, मी म्हैस दिली. उत्तम पितळी काम. अख्ख्या गोरेगावात दुसरा नसावा.
म्हैस बायकोच्या, म्हणजे शालूबाईच्या माहेरची, हे खरे. पण अलीकडे दूध कमीच देत होती. शालूबाईला उद्या सवडीने, नीट समजावून सांगेन.

४ नोव्हेंबर
आधीच कळले. गोठा रिकामा दिसतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते. काहून दिली, म्हणाली. मी शांतपणे सांगितले की सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात. मी, ती, म्हैससुद्धा. म्हणाली, मंग त्या नळकांड्यातून दूध काढून दाखवा.
बिनदुधाचा चहा. प्रकृतीला बराच असावा.

६ नोव्हेंबर
शाळेत पेशी शिकवल्या. हैदराबाद सरकारच्या नियमाने विषय उर्दूतून शिकवावा लागतो, त्यामुळे पोरांना समजत नाही. मला समजतो. पेशीला बाहेरून पडदा. आत रस. मध्ये केंद्र, ते सगळा कारभार पाहते. नवी पेशी जुन्या पेशीतूनच होते. शेवटचे वाक्य मला पटत नाही. पहिली कुठून आली मग? हे आजवर कोणाला सुचले कसे नाही?
संध्याकाळी लेन्समध्ये एक लांब, काळा, वाकडा प्राणी दिसला. फार हालत होता. माझ्याच पापणीचा केस निघाला. हे लिहिणार नव्हतो. पण डायरी खरी ठेवायची असा निश्चय आहे.

१० नोव्हेंबर, सकाळी
शोध लागला.
विहिरीचे पाणी फडक्यातून गाळले. उकळले. गार केले. भांडे चांगले हलवले. त्यात सजीव काही उरणे शक्यच नाही. एक थेंब काचेवर ठेवून वर पातळ काच ठेवली आणि पाहतो तो पेशी! पूर्ण गोल, काळा जाड पडदा, मध्ये लख्ख उजेड. जुनी पेशी नसताना नवी पेशी. सगळी थिअरी कोसळली.
केंद्र दिसत नाही. म्हणजे बिनकेंद्राची पेशी. हा दुसरा शोध.
शालूबाईला बोलावले. आमाला भाकरी थापायच्या हायेत, म्हणाली. इतिहास असाच घडतो.

१२ नोव्हेंबर
दोन पेशी जवळ आल्या आणि एक झाली. पुस्तकात एकीच्या दोन होतात, माझ्या दोहोंची एक होते. तिसरा शोध. शालूबाई माहेरी निघून गेली. आता एकाग्रता वाढेल.

१५ नोव्हेंबर
भाकरी करपली. दोन्ही वेळा. एकाग्रता फार वाढल्यामुळे.
नावाचा प्रश्न. ‘तातेराव-पेशी’ चांगले वाटते, पण आपणच आपले नाव देणे बरे नव्हे. कोणीतरी सुचवले पाहिजे. गणिताच्या उकंडराव मास्तरांपुढे विषय तीनदा काढला. त्यांनी काही सुचवले नाही. शेवटी मीच सांगितले की लेक्चरच्या शेवटी तुम्ही उठून हे नाव सुचवा. चार वाक्ये पाठ करायला दिली.

२० नोव्हेंबर
रविवारी चावडीत लेक्चर. सेनगावहून डॉक्टर जमील येणार. हैदराबादला शिकलेले. सभेत त्यांची साक्ष झाली की पुढचा मार्ग मोकळा. सासऱ्यांनाही निरोप धाडला. शालूबाईला घेऊन या, जावई कोण आहे ते पाहू द्या.

२४ नोव्हेंबर, सकाळी
कोट इस्त्रीचा. मन शांत. लेक्चर झाल्यावर लोक खांद्यावर घेऊ लागले तर नको म्हणायचे, पण एकदाच.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी
लिहावेसे वाटत नाही.
सभा भरली होती. सासरे पुढे, शालूबाई बायकांत. मी बराच वेळ बोललो. थिअरी कशी कोसळली ते सांगितले. मग डॉक्टरांनी डोळा लावला. खिशातली पेन्सिल काढली आणि वरच्या काचेवर हलकेच दाबली. माझ्या पेशी पळत काठाला गेल्या आणि नाहीशा झाल्या. डॉक्टर हळूच मला म्हणाले, मास्टरसाब, हवा है. बुडबुडे हैं. सगळ्यांना होतं असं, तकलीफ मानू नका.
हळूच म्हणाले, पण चावडीत तोवर पूर्ण शांतता होती. सासऱ्यांनी शेजाऱ्याला विचारले, काय म्हनून राहिले? शेजाऱ्याने सांगितले, बुडबुडे.
लोक हसू लागले. आणि नेमके तेव्हा उकंडराव उठले. लेक्चर संपले असे त्यांना वाटले. चारही वाक्ये बिनचूक, खणखणीत म्हटली. या महान वस्तूला तातेरावांचेच नाव शोभेल, हे शेवटचे.
ठराव एकमताने पास झाला.

२६ नोव्हेंबर
पोरे मला पाहून गाल फुगवतात. लक्ष देत नाही. मोहनसिंगांकडे जाऊन मायक्रोस्कोप परत घ्या म्हटले. म्हशीला आमची सवय लागली, म्हणाले.
शालूबाई घरी आली आहे. एकदाही हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते.

१ डिसेंबर, रविवार
दुपारी डॉक्टर जमील मुद्दाम घरी आले. यंत्र उत्तम आहे, वाया घालवू नका, म्हणाले. त्यांनी कडुलिंबाची काडी दिली, गालाच्या आतून हलकेच खरवडायला सांगितले. ते काचेवर घेतले, आयोडीनचा थेंब टाकला. मी पाहिले. पिवळट, चपट्या, वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी. पातळ कड, आत रस, आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक गडद ठिपका. केंद्र. हे कोण, असे विचारले. तुमीच, मास्टरसाब, म्हणाले. बराच वेळ डोळा काढवेना.
शालूबाई दारात उभी होती. मलाबी पाहू द्या, म्हणाली. तिने स्वतःच दुसरी काडी गालातून फिरवली. डॉक्टरांनी तिची काच तयार केली आणि दोन्ही काचा आळीपाळीने लावून दिल्या. तिने सावकाश पाहिले. मग मला विचारले, यातली तुमची कंची?
मी दोन्ही पुन्हा नीट न्याहाळल्या. फरक स्पष्ट होता. एकीतल्या पेशी जास्त रेखीव, केंद्र ठसठशीत, एकूण बुद्धिमान दिसत होत्या. मी ती दाखवली.
डॉक्टर म्हणाले, ती बाईंची.