माझे दोन दोष सांगायला ये

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, दुपारचे तीन, चहा व्हायचा आहे

प्रिय लवू,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (नव्याला किंचित जास्त) माझा सप्रेम नमस्कार. सुलक्षणावहिनींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, नंदकिशोर भावजींनी अजून तुमच्या हातच्या तिरफळाच्या आमटीची आठवण काढणं सोडलेलं नाही. इकडे आम्ही ठीक. सुनंदा ठीकच्याही वर आहे, कारण सध्या तिला माझ्यावर हसायला रोज नवं कारण मिळतं. हे पत्र तुमच्या निलेशच्या डब्याच्या पिशवीत घालतोय. पोरगं बिचारं रोज चेंबूरहून इथे कामाला येतं, आणि मला बघून हल्ली गेटपाशी पावलं जरा भरभर टाकतं. फोन केला असता, पण फोनवर तू उचलल्या उचलल्या "बोल, काय काम?" असं विचारतोस, आणि माझं बोलणं तिथेच वाळून जातं. काम काही नाही रे. सहज लिहितोय.

आमच्या मिठागर ज्येष्ठ नागरिक मंडळात दर गुरुवारी पाच वाजता मी एक तास घेतो, हे तुला ठाऊक आहेच (तू एकदा आला होतास आणि झोपलास). शाळेतल्या कविता पाठ म्हणायच्या. पुस्तक आणायचं नाही. एकजण अडला की दुसऱ्याने ओळ पुरवायची. येतात पाचजण, त्यातले एक फक्त पंख्याखाली बसायला. पण वाकोल्याहून मुलाकडे राहायला आलेले नाडकर्णी येतात ना, त्यांच्यासाठी मी हा तास मरेपर्यंत चालवीन. नाडकर्ण्यांना हल्ली नातवाचं नाव आठवत नाही. जेवलो की नाही, आठवत नाही. पण चौथीतली नदीची कविता सुरू केली की तो माणूस डोळे मिटतो आणि आठच्या आठ कडवी घडी न मोडता बाहेर काढतो, ट्रंकेतून लग्नातला शालू काढावा तशी. मागच्या महिन्यात मी पाचव्या कडव्याला अडलो तर त्यांनी मला ओळ दिली. त्यांची सून ऋतिका त्यांना सोडायला येते आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहते. मला म्हणाली, "काका, आठवड्यातनं हा एक तास बाबा घरी असल्यासारखे वाटतात." आता सांग, असा तास बंद पडू द्यायचा?

आणि तो बंद पडायला आला आहे. मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक पुढच्या महिन्यात. आमच्याकडे दोन तट आहेत, सकाळी बागेत फिरणारे आणि संध्याकाळी बाकांवर बसणारे. गेली सहा वर्षं अध्यक्ष संध्याकाळवाल्यांचा, कारण ते एकच माणूस उभा करतात आणि आम्ही सकाळवाले दर वेळी तीन (फिरल्याने माणसाला आपण तरुण असल्याचा भास होतो). संध्याकाळवाल्यांनी तर जाहीरच करून टाकलंय की निवडून आल्यावर गुरुवारी पाच वाजता हॉलमध्ये कॅरम. अशात आमच्या मिहिरचा अमेरिकेहून फोन आला. तो म्हणाला, "बाबा, इकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली ना, की आधी पक्षातल्या पक्षात प्रायमरी होते. आपल्याच चार-पाच इच्छुकांना समोरासमोर उभं करायचं, त्यांचे गुणदोष तोलायचे, मतं घ्यायची, आणि मग एकालाच पुढे पाठवायचं." लवू, मी फोन ठेवला आणि खिडकीशी गेलो. पलीकडे मिठागरांचं पाणी दुपारच्या उन्हात निजलेलं, दूर खाडीकडे फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची सगळी सकाळची मंडळी एका उमेदवारामागे हळूहळू चालताना दिसायला लागली. सुनंदाने तीनदा हाक मारली म्हणे. तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बागेत कल्पना मांडली. सगळ्यांना झकास वाटली. नियम मी लिहायचे ठरले, आणि इथेच वाट लागली. मला काही लिहायला सांगितलं की माझ्यातला आठवीतला विद्यार्थी शाई भरून तयार होतो. मी नियम केला: उमेदवाराने स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्याला सगळ्यांत जास्त वर्षं ओळखणाऱ्या माणसाने उभं राहून त्याचा एक गुण आणि दोन दोष सांगायचे. दोष खरे असावेत. अशी ओळख नसेल तर उमेदवारी रद्द. मला वाटलं, किती सुंदर सकाळ होईल! कवितेचं रसग्रहण करतात तसं माणसाचं रसग्रहण.

गेल्या रविवारी दहा वाजता आम्ही जमलो. पहिले कारखानीस, टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनीयर. माणूस टापटीप, बूट चकचकीत, वक्तशीर. (त्यांना गुरुवारी पाचला रक्तदाब तपासणी हवी होती, पण मी मन निर्मळ ठेवलं होतं.) त्यांना जास्त वर्षं ओळखणाऱ्या अर्थातच त्यांच्या मिसेस. त्यांनी गुण सांगितला, "हे कधी उशिरा येत नाहीत," आणि पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. दोन दोषांची मर्यादा आहे हे मी नम्रपणे सुचवलं. त्या म्हणाल्या, "दोनच आहेत हो. पोटकलमं आहेत फक्त." नवव्या पोटकलमाला (एकोणीसशे एक्क्याऐंशी, महाबळेश्वर, विसरलेली सुटकेस आणि सुटकेसवर बसवून ठेवलेली बायको) कारखानिसांनी पाणी मागितलं, अकराव्याला उमेदवारी मागे घेतली. दोघं मग हसतच एका रिक्षाने घरी गेली. कधी नव्हे ते माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांचं पाठांतर, आणि एक ओळ चुकली नाही बाईंची!

दुसरे सीताराम परब. बस कंडक्टर होते. आवाज अजून तसाच, मागच्या दारापर्यंत पोचणारा. मनाने सोनं, बागेत कुणी घसरलं की पहिला हात परबांचा. त्यांच्याकडून त्यांचे मेव्हणे बोलायला उठले. म्हणाले, "भावोजींचो दोष एकच, दुसऱ्याक बोलूक देनत नाय." परब तिथल्या तिथे उभे राहिले. "असा कसा म्हणतंस? मी कधी कोणाक अडवलंय?" आणि ते खोटं कसं आहे हे त्यांनी पाऊण तास सोदाहरण पटवून दिलं. मेव्हणे मधे दोनदा तोंड उघडायला गेले. दोन्ही वेळा त्यांना हाताने खाली बसवण्यात आलं. गुण राहूनच गेला. परबांनी जाता जाता हेही सांगून टाकलं की अध्यक्ष झाल्यावर गुरुवारी पाच ते सात 'माझे अनुभव' हा कार्यक्रम ते स्वतः करतील. नाडकर्णी पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "आज गुरुवार आहे का? सुरू करू या?" मी म्हटलं, अजून नाही हो.

तिसऱ्या शर्मिष्ठाबाई दिघे, निवृत्त मेट्रन. माझं मन खरं तर तिथे होतं. त्या गुरुवारच्या तासाच्या बाजूच्या, फक्त हजेरी आणि सहामाही परीक्षा असावी एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या नर्सिंगच्या दिवसांतल्या मैत्रिणीने सांगितलं, गुण हा की घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय ही बसत नाही. पहिला दोष, दुसऱ्यालाही बसू देत नाही. दुसरा, चूक दिसली की ती स्वतःची असली तरी सोडत नाही. बाई शांतपणे उठल्या. म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. अशा बाईला तुम्ही अध्यक्ष करू नये." आणि फळ्यावरचं आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसून, तिथेच खडू घेऊन सभेचं कामकाज चालवायला लागल्या.

उरले परब. कुणी आणखी इच्छुक आहे का, असं बाईंनी विचारलं. हॉलमध्ये ती शांतता पसरली, लवू, जी आपल्या शाळेत शेवटच्या तासाला पसरायची. कौलांवर ऊन, बाहेर चिंचेची सावली, मास्तर टेबलाशी डुलकी घेताहेत, आणि कुठूनतरी पाचवीच्या वर्गाचा एकसुरी पाठ ऐकू येतोय. खिडकीबाहेर फ्लेमिंगो उठले. सगळे एकदम, पंखांच्या आतला लाल दाखवत. मी बासष्ट वर्षं मागे गेलो. आता हेही खरं की सकाळपासून मी तीन चहा घेतले होते आणि सभा लांबली होती. मी कुठे आहे हे न कळून, समोर उभ्या असलेल्या फळ्याकडे आणि खडूवाल्या बाईंकडे बघून, मी उजव्या हाताची करंगळी वर केली.

बाईंनी मान हलवली. मला वाटलं, परवानगी मिळाली. गेलो. परत येतो तर टाळ्या, आणि फळ्यावर परबांच्या खाली माझं नाव! मी बाईंना खरं कारण सांगायला गेलो, पण बायामाणसांसमोर शब्द सापडेनात. ऋतिका पुढे आली आणि म्हणाली, "काका, बरं झालं तुम्ही उभे राहिलात." मग मी फळ्यावरचं नाव तसंच राहू दिलं.

तर असं सगळं. आता वेळ न घेता स्वतःला तोलून पाहतो. मी बोलताना वाक्याच्या मध्यावर खिडकीबाहेर जातो. मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे तीन महिने होती, चौथ्यापासून ती कुणाकडेच नाही. गुण म्हणावा तर मला एकशे सोळा कविता येतात, आणि त्याने हॉलची गळकी टाकी दुरुस्त होत नाही. सुनंदा म्हणाली, "दोषांसाठी बाहेरून कशाला माणूस आणायचा? मी आहे ना!" पण कारखानीस प्रकरणानंतर नवरा-बायकोला बंदी घातली गेली आहे (पुरुषांनी एकमताने हात वर केले).

बाकी क्षेम. चहा आला. गुडघ्याला जप, जिना उतरताना कठडा धर, आणि वहिनींना खोकल्यावर ज्येष्ठमध दे. पत्राचं उत्तर नाही आलं तरी मी रागावणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच येत नाही बहुतेक.

तुझा,
नंद्या

ता. क. मतदान पुढे ढकललंय, आणि या रविवारी सकाळी दहा वाजता त्याआधी माझी ओळख करून द्यायला कुणीतरी हवं. आई-वडील नाहीत, थोरला भाऊ नाही. जगात मला सगळ्यांत जास्त वर्षं ओळखणारा माणूस आता तूच उरला आहेस, लवू. तू आला नाहीस तर नियमाप्रमाणे उमेदवारी रद्द, आणि नाडकर्ण्यांना गुरुवारी पाच वाजता परबांचे अनुभव. रिक्षा तुझ्या दारात पाठवतो. तू म्हणशील, "नंद्या, कविता म्हणान पोट भरता काय?" म्हण. तोच पहिला दोष सांग, चालेल.

दुसरा ता. क. दुसऱ्या दोषासाठी तुला सामान देऊन ठेवतो, कारण तो तुला ठाऊक नाही. आठवीत मॉनिटरची निवडणूक झाली होती. वर्गात त्रेचाळीस मुलं, उभे आपण दोघं. चिंचेखाली आपण शपथ घेतली होती की स्वतःला मत देणं बरं दिसत नाही, तर तू मला द्यायचं आणि मी तुला. मला बावीस पडली, तुला एकवीस. लवू, मी चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं होतं. मॉनिटर झाल्यावर मास्तर नसले की शेवटच्या तासाला काय करायचं ते मी ठरवायचो, आणि मी कविता ठरवल्या. तू झाला असतास तर आपण वर्षभर आट्यापाट्या खेळलो असतो. त्या संध्याकाळी तू मला तुझी अर्धी चिक्की दिलीस. ती अजून घशाखाली उतरलेली नाही. हे रविवारी सगळ्यांसमोर सांग. सांगितल्यावर लोक परबांना मत देतील, तरी सांग. नाडकर्ण्यांची माफी मी मागेन.

तिसरा ता. क. सुनंदाने वाचलं. ती म्हणते, "भावजींनी तरी तुम्हाला मत दिलं होतं कशावरून? बावीसचा आकडा तसाही जमतो." मी दुपारभर खिडकीशी बसून विचार केला. तू दिलंच होतंस. नसतंस दिलं तर चिक्की अख्खी खाल्ली असतीस.

चौथा ता. क., आणि शेवटचा, निलेश खाली थांबलाय. बागेत सगळे मतं मोजताहेत. परब पंधरा, मी पंधरा, आणि एकतिसावं मत माझं स्वतःचं. उमेदवाराने स्वतःला मत द्यावं की नाही, याबद्दल नियमांत एक अक्षर नाही. नियम मीच लिहिलेत. तू ये मात्र, आणि पेटीपाशी माझ्या शेजारी उभा राहा.